मधुमेह, पायाची जखम आणि जंतुसंसर्ग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मधुमेही पायाच्या जखमेत सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो एका गैरसमजापायी: जखम भरत नाही म्हणजे अँटिबायोटिक कमी पडतंय. अँटिबायोटिक संसर्ग बरा करतं, त्याने जखम भरत नाही. जखम भरायला तिच्यावरचा भार काढावा लागतो आणि तिथपर्यंत पुरेसं रक्त पोचावं लागतं. खालची उत्तरं रुग्ण, घरची माणसं आणि ड्रेसिंग करणारे कर्मचारी अशा सगळ्यांसाठी आहेत.

मधुमेहात पायालाच जखम का होते?

बहुतेक वेळा सुरुवात नसांपासून होते. बरीच वर्षं साखर जास्त राहिली की लांबच्या नसा आधी खराब होतात, म्हणून बोटं आणि तळवे प्रथम बधिर होतात. संवेदना गेली की चपलेतला खडा किंवा घट्ट बूट टोचत नाही. पायातल्या छोट्या स्नायूंच्या नसा गेल्या की बोटं आखडून वाकडी होतात आणि चालताना चवड्याच्या हाडांवर नको तितका दाब येतो. घामाच्या नसा गेल्या की कातडी कोरडी पडते आणि टाचेला भेगा पडतात.

दाब येतो तिथे घट्टा बनतो. घट्टा कडक असल्याने तो स्वतःच आतल्या मांसावर दाबतो, आत रक्त साकळतं आणि एक दिवस घट्ट्याखाली तयार जखम सापडते. घट्ट्यात काळपट-लालसर ठिपका दिसला तर ती जखमच समजावी आणि तो प्रशिक्षित माणसाकडून त्याच आठवड्यात तासून घ्यावा. ब्लेडने घरी कापू नये, कुरूप काढायच्या आम्लाच्या पट्ट्याही लावू नयेत. बधिर पायावर त्या किती खोल भाजल्या हे कळतच नाही.

दुखत नाही, मग काळजी कशाला?

न दुखणं हाच इथला धोका आहे. दुखत असतं तर माणूस लंगडला असता, पाय टेकवला नसता आणि जखमेला आपोआप विश्रांती मिळाली असती. ज्याला दुखत नाही तो त्याच जखमेवर दिवसभर हजारो पावलं टाकतो.

पाय बधिर झालाय हे कसं तपासतात?

१० ग्रॅमचा मोनोफिलामेंट वापरतात. हा नायलॉनचा तंतू कातडीला काटकोनात टेकवून तो वाकेपर्यंत दाबतात, साधारण दोन सेकंद ठेवतात आणि उचलतात. तळव्याच्या बाजूने अंगठा, अंगठ्यामागचा चवडा आणि करंगळीमागचा चवडा या तीन जागा पुरतात. प्रत्येक जागी तीनदा विचारायचं, त्यातलं एकदा तंतू न टेकवताच विचारायचं. तीनपैकी दोन उत्तरं चुकली तर त्या जागची संरक्षक संवेदना गेली असं धरतात. रुग्णाला आधी हातावर स्पर्श दाखवावा आणि तपासताना पायाकडे पाहू देऊ नये.

चुका होतात त्या ठरलेल्या. तंतू घट्ट्यावर टेकवतात, मग चांगली संवेदनाही गेलेली दिसते. दुसरी चूक म्हणजे एकच तंतू वर्षानुवर्षं वापरणं. लागोपाठ १०-१५ रुग्ण तपासले की त्याचा ताठपणा तात्पुरता कमी होतो, म्हणून त्याला २४ तास विश्रांती द्यायची आणि प्रकारानुसार ७० ते ९० रुग्णांनंतर तो बदलायचा. मऊ पडलेला तंतू १० ग्रॅमच्या आधीच वाकतो आणि निकाल खोटा येतो.

घरी साधी चाचणी करता येते. रुग्णाने डोळे मिटायचे. दुसऱ्याने दोन्ही पायांच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला बोटाने एक-दोन सेकंद हलकेच स्पर्श करायचा. दाबायचं नाही, घासायचं नाही. सहापैकी दोन किंवा जास्त जागी स्पर्श कळला नाही तर संवेदना कमी झाली असण्याची दाट शक्यता आहे.

किती दिवसांनी पाय तपासून घ्यायचे?

संवेदना आणि रक्तपुरवठा दोन्ही ठीक असतील तर वर्षातून एकदा. यातलं एक बिघडलेलं असेल तर ६ ते १२ महिन्यांनी. संवेदना, रक्तपुरवठा आणि पायाचा आकार यांपैकी दोन बिघडलेले असतील तर ३ ते ६ महिन्यांनी. त्यातलं एखादं बिघडलेलं असून पूर्वी जखम झाली असेल, बोट काढलं असेल किंवा मूत्रपिंड शेवटच्या टप्प्यात असेल तर दर १ ते ३ महिन्यांनी. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमधली ही विभागणी आहे. घरी मात्र पाय रोज पाहायचे, बोटांच्या बेचक्यांसकट.

जखमेत जंतू सापडले म्हणजे संसर्ग झाला का?

नाही. उघड्या जखमेत जंतू असतातच. संसर्ग लक्षणांवरून ठरतो, प्रयोगशाळेच्या कागदावरून नाही. सूज किंवा कडकपणा, जखमेभोवती किमान अर्धा सेंटिमीटर लाली, दुखणं, गरमपणा आणि पू या पाचांपैकी किमान दोन लक्षणं असली आणि त्यांचं दुसरं कारण सापडलं नाही, तरच संसर्ग म्हणतात.

लाली जखमेच्या कडेपासून २ सेंटिमीटरच्या आत आणि फक्त कातडीपुरती असेल तर संसर्ग सौम्य. लाली २ सेंटिमीटर किंवा त्याहून पुढे गेली किंवा संसर्ग स्नायू, स्नायुबंध वा सांध्यापर्यंत उतरला तर मध्यम. स्थानिक संसर्गासोबत पुढच्यांपैकी दोन गोष्टी असतील तर तीव्र: ताप ३८ अंश सेल्सियसच्या वर किंवा तापमान ३६ च्या खाली, नाडी मिनिटाला ९० च्या वर, श्वास मिनिटाला २० च्या वर, पांढऱ्या पेशी १२,००० च्या वर किंवा ४,००० च्या खाली. तीव्र संसर्ग म्हणजे त्याच दिवशी दाखल व्हायचं.

लालीची कड बॉलपेनने आखून बाजूला वेळ लिहून ठेवावी. सहा-आठ तासांनी लाली रेषेबाहेर गेली की फोनवर सांगायलाही सोपं जातं आणि डॉक्टरांना वेगही कळतो. सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही. तिथे हाताच्या पालथ्या बाजूने दोन्ही पायांच्या त्याच जागा चाचपून गरमपणा आणि कडकपणा जोखावा.

ताप नाही, मग संसर्ग किरकोळ असेल ना?

तसं धरून चालू नका. पायात खोल पू साठलेला असूनही अनेकांना ताप येत नाही. ताप येण्याआधी साखर बोलते: जेवण आणि औषधं तीच असताना साखर एकाएकी वाढली, आटोक्यात येईना, तर पाय नीट तपासा. नेहमी न दुखणारा पाय अचानक दुखू लागला तर तेही खोल संसर्गाचं लक्षण आहे.

मधुमेहात संसर्ग इतका झपाट्याने का पसरतो?

याला दोन कारणं आहेत. एक पेशींचं: साखर जास्त असताना न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी जागेवर उशिरा पोचतात आणि जंतू गिळून मारण्याचं कामही कमी ताकदीने करतात. दुसरं रचनेचं: तळव्यात स्नायूंचे बंदिस्त कप्पे असतात. पू एका कप्प्यात साठला की आतला दाब वाढतो, बारीक रक्तवाहिन्या दाबल्या जातात, मांस मरतं आणि पू स्नायुबंधांच्या कडेने घोट्याकडे, पोटरीकडे सरकतो. वरून जखम नखाएवढी आणि आत बोगदा, हे चित्र नेहमीचं आहे. अशा वेळी तासातासाला महत्त्व येतं. साठलेला पू अँटिबायोटिकने जिरत नाही, तो चीर देऊन बाहेर काढावाच लागतो.

कल्चरसाठी (जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीसाठी) कापसाच्या काडीचा स्वॅब का नको?

स्वॅबवर पृष्ठभागावरचे, कातडीवर राहणारे जंतू उगवतात. संसर्ग करणारा जंतू तळाशी असतो. त्यामुळे स्वॅबच्या अहवालात चार-पाच जंतूंची यादी येते आणि सगळ्यांना झाकणारं जड अँटिबायोटिक सुरू होतं.

बरोबर पद्धत अशी: आधी मृत भाग काढा, सलाइनने जखम धुवा, मग निर्जंतुक क्युरेट (खरवडायचं छोटं हत्यार) किंवा ब्लेडने तळाचा छोटा तुकडा घेऊन निर्जंतुक डबीत लगेच पाठवा. शक्यतो अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी. चिठ्ठीवर 'पायाची जखम' एवढंच न लिहिता नमुना तळाच्या ऊतीचा आहे की हाडाचा, आधी कुठलं अँटिबायोटिक चालू होतं, हेही लिहा. प्रयोगशाळा त्यावरून काम ठरवते. आणि संसर्गाची लक्षणं नसतील तर कल्चर पाठवूच नका. अहवाल आला की औषध द्यायचा मोह आवरत नाही.

मग अँटिबायोटिक किती दिवस?

संसर्ग फक्त मांसापुरता असेल तर १ ते २ आठवडे. फार पसरलेला असेल आणि अपेक्षेपेक्षा हळू उतरत असेल, किंवा पायाचा रक्तपुरवठा फारच कमी असेल तर ३-४ आठवड्यांपर्यंत. हाडाला संसर्ग आहे पण हाड काढलेलं नाही, तर ६ आठवडे. बोट काढल्यावर उरलेल्या हाडाच्या कडेच्या नमुन्यात जंतू सापडले तर ३ आठवड्यांपर्यंत. जखम उघडी आहे एवढ्या कारणाने गोळ्या पुढे ढकलायच्या नाहीत. लाली, सूज, पू गेला की अँटिबायोटिकचं काम संपलं. जखम भरायला त्यापुढे दोन-तीन महिने लागू शकतात आणि त्या काळात घेतलेल्या गोळ्या जुलाब आणि औषधाला न जुमानणारे जंतू याशिवाय काही देत नाहीत.

हाडापर्यंत संसर्ग गेलाय हे कसं कळतं?

बोथट निर्जंतुक धातूची सळई जखमेत हलकेच सरकवली आणि कडक, खरखरीत हाड लागलं तर शंका पक्की करायला ते मोठं कारण आहे. त्याच्या जोडीला ईएसआर (शरीरातली सूज-दाह दाखवणारी रक्ततपासणी) तासाला ७० मिलिमीटरच्या वर असेल तर शंका आणखी बळावते. साध्या एक्स-रेत हाडाचे बदल दिसायला दोन-तीन आठवडे जातात, म्हणून पहिला एक्स-रे स्वच्छ आला तरी निर्धास्त होऊ नये. तोच एक्स-रे दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा काढून शेजारी ठेवावा. तरीही नक्की होत नसेल तर एमआरआय. कुठला जंतू आहे हे सांगतो तो हाडाचा नमुना.

बोट सॉसेजसारखं एकसारखं फुगून लाल झालं असेल तर आतलं हाड तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

हाडाच्या संसर्गाला सहा आठवडे शिरेतूनच औषध लागतं का?

पूर्वी तसंच मानत. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ओव्हिवा चाचणीत ब्रिटनमधले हाडा-सांध्याच्या संसर्गाचे १,०५४ रुग्ण होते. उपचाराच्या पहिल्या आठवड्यातच अर्ध्यांना तोंडाने घ्यायच्या औषधावर आणलं, अर्ध्यांचं शिरेतून चालू ठेवलं. वर्षभरात उपचार फसण्याचं प्रमाण शिरेच्या गटात १४.६ टक्के आणि तोंडाच्या गटात १३.२ टक्के निघालं, म्हणजे तोंडाचं औषध कमी पडलं नाही. मात्र या चाचणीत सगळ्या तऱ्हेचे हाडाचे संसर्ग होते, नुसते मधुमेही पाय नव्हते. शिवाय हाडात चांगलं उतरणारं आणि त्या जंतूवर चालणारं तोंडाचं औषध उपलब्ध असलं पाहिजे. उपचार संपल्यावर किमान सहा महिने लक्ष ठेवून मगच हाड बरं झालं म्हणायचं.

पायाला रक्त पुरतंय का? घोट्याची नाडी लागते, मग पुरे ना?

पुरे नाही. घोटा आणि दंड यांच्या रक्तदाबाचं गुणोत्तर ०.९ च्या खाली असेल तर रक्तवाहिन्या अरुंद झाल्यात हे जवळजवळ नक्की. पण मधुमेहात, विशेषतः मूत्रपिंडाचा आजार असताना, धमन्यांच्या भिंतीत कॅल्शियम साठतं, रक्तदाबाच्या पट्ट्याने त्या दाबल्या जात नाहीत आणि आकडा खोटाच चांगला येतो. १.३ च्या वरचा आकडा पाहून खूश होऊ नये. पायाच्या अंगठ्याच्या धमन्या सहसा अशा कडक होत नाहीत, म्हणून अंगठ्याचा रक्तदाब मोजणं जास्त भरवशाचं.

अंगठ्याचा दाब ३० मिलिमीटर पाऱ्याच्या खाली किंवा घोट्याचा ५० च्या खाली असेल तर रक्तवाहिन्यांचं चित्रण आणि त्या मोकळ्या करायचा विचार तातडीने व्हायला हवा. आकडे बरे दिसत असले तरी ४ ते ६ आठवडे नीट काळजी घेऊन जखम हलत नसेल तर रक्तपुरवठ्याकडे पुन्हा वळायचं. काळं पडलेलं बोट रक्तपुरवठा न तपासता कापू नये. कापलेली जागाही भरायला रक्तच लागतं.

बायपास चांगला की फुग्याने वाहिनी उघडणं?

इथे दोन मोठ्या चाचण्या वेगवेगळं बोलतात. २०२२ च्या बेस्ट-सीएलआय चाचणीत ज्यांच्या पायात बायपासला योग्य अशी चांगली शीर होती त्यांना शस्त्रक्रियेने जास्त फायदा झाला. २०२३ च्या बॅसिल-२ चाचणीत गुडघ्याखालच्या धमन्यांच्या आजारात बायपासच्या गटात ६३ टक्के, तर फुग्याच्या गटात ५३ टक्के रुग्णांची मोठी पायकापणी झाली किंवा मृत्यू झाला. दोन्हींमधले रुग्ण, अडथळ्याच्या जागा आणि मोजलेले परिणाम वेगळे होते. त्यामुळे शीर कशी आहे, अडथळा कुठे आहे आणि रुग्ण ऑपरेशन किती झेपवेल यावर निर्णय होतो. दोन्ही कामं करणाऱ्या पथकाचं मत घ्यावं.

भार काढायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

तळव्याच्या पुढच्या किंवा मधल्या भागातल्या बधिर जखमेसाठी पहिली निवड म्हणजे गुडघ्यापर्यंतचं, रुग्णाला स्वतः काढता न येणारं साधन: टोटल कॉन्टॅक्ट कास्ट (पायाला घट्ट बसणारं प्लास्टर), किंवा वॉकर बूट घालून त्यावर प्लास्टरची पट्टी गुंडाळून तो पक्का करणं. कास्ट पायाला सगळीकडून चिकटून बसतो, त्यामुळे भार नडगी आणि पोटरीवर वाटला जातो.

'काढता न येणारं' हा शब्द महत्त्वाचा आहे. २००१ च्या एका चाचणीत १२ आठवड्यांत जखम भरण्याचं प्रमाण कास्टमध्ये ८९.५ टक्के, काढता येणाऱ्या वॉकरमध्ये ६५ टक्के आणि अर्ध्या तळाच्या बुटात ५८.३ टक्के आलं. चाचणी लहान होती, ६३ जणांची. पण २००३ साली वॉकरमध्ये आणि कमरेला पावलं मोजायची यंत्रं लावून पाहिलं तेव्हा कारणही सापडलं: दिवसभराच्या पावलांपैकी जेमतेम २८ टक्के पावलं वॉकर घालून टाकलेली होती. लोक बाहेर जाताना वॉकर घालतात आणि घरात काढून ठेवतात. रात्री स्वच्छतागृहापर्यंतची पावलंही जखमेच्या हिशेबात धरली जातात.

कास्ट लावल्यावर सूज उतरते आणि तो सैल होतो. म्हणून पहिला कास्ट काही दिवसांत बदलतात, नंतर आठवड्या-दोन आठवड्यांनी. सैल कास्ट घासून नवी जखम करतो. दुसऱ्या पायाच्या चपलेची उंची वाढवून घ्या, नाहीतर कंबर आणि तोल दोन्ही बिघडतात. तीव्र संसर्ग किंवा रक्ताची तीव्र टंचाई असेल तर बंद कास्ट घालायचा नाही, आधी तिकडे बघायचं. टाचेच्या आणि बोटांच्या जखमांना वेगळी साधनं लागतात.

ड्रेसिंग कुठलं सगळ्यात चांगलं?

ओल धरून ठेवणारं, जास्तीचा स्राव शोषणारं साधं ड्रेसिंग बहुतेकांना चालतं. चांदीयुक्त, मधयुक्त किंवा जंतुनाशक ड्रेसिंगने जखम लवकर भरते असा विश्वासार्ह पुरावा नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड नव्या पेशींनाही मारतं, ते वापरू नका.

एका ड्रेसिंगचा पुरावा मात्र चांगला आहे. सुक्रोज ऑक्टासल्फेटच्या ड्रेसिंगवर २०१८ मध्ये एक्सप्लोरर चाचणी प्रसिद्ध झाली. नसा आणि रक्तपुरवठा दोन्ही बिघडलेले, पण संसर्ग नसलेले २४० रुग्ण. २० आठवड्यांत या ड्रेसिंगने ४८ टक्के जखमा भरल्या, तसंच दिसणाऱ्या पण औषधी अंश नसलेल्या ड्रेसिंगने ३० टक्के. म्हणजे सुमारे सहा जणांना ते वापरलं की एक जखम जादा भरते. उरलेल्या जखमा या ड्रेसिंगनेही २० आठवड्यांत भरल्या नाहीत, हेही त्याच आकड्यांत आहे.

जखम बरी होतेय की नाही हे किती दिवसांत कळतं?

चार आठवड्यांत. पहिल्या दिवशी आणि नंतर दर आठवड्याला जखमेची सगळ्यात जास्त लांबी आणि तिला काटकोनातली रुंदी मोजून गुणाकार लिहा. मोजमाप नेहमी मृत भाग काढून झाल्यावर घ्या. ३ गुणिले २ म्हणजे ६ चौरस सेंटिमीटरची जखम चार आठवड्यांनी ३ च्या आसपास किंवा खाली आली नसेल तर ती बारा आठवड्यांत भरण्याची शक्यता कमी. अशा वेळी नवं मलम शोधण्याआधी चार गोष्टी पुन्हा पाहायच्या: भार खरंच निघालाय का, रक्त पोचतंय का, हाडात संसर्ग दडलाय का, मृत भाग नियमित काढला जातोय का. उत्तर बहुधा यांतच सापडतं.

साखर कितपत कडक ठेवायची?

नसा वाचवण्यासाठी साखर आटोक्यात ठेवण्याचा फायदा सिद्ध आहे. टाइप १ मधुमेहाच्या १,४४१ जणांवरच्या डीसीसीटी अभ्यासात (१९८३ ते १९९३) कडक नियंत्रणाने नसांच्या विकाराचं प्रमाण ६० टक्क्यांनी घटलं. पण जखम आधीच झालेली असताना साखर अतिशय कमी ठेवल्याने ती लवकर भरते हे चाचण्यांनी दाखवलेलं नाही. उलट, अनेक वर्षं टाइप २ असलेल्या, हृदयविकाराचा धोका मोठा असलेल्या लोकांवर झालेल्या अ‍ॅकॉर्ड चाचणीत कडक नियंत्रणाच्या गटात मृत्यू जास्त झाले आणि २००८ साली तो भाग मध्येच थांबवावा लागला. म्हणून साखर खूप वर जाऊ द्यायची नाही आणि खालीही घसरू द्यायची नाही. जेवण कमी करून साखर उतरवू नका, जखमेला प्रथिनं लागतात.

पाय लाल, गरम, सुजलेला आहे, पण जखम कुठेच नाही. हा संसर्ग?

कदाचित शार्को पाय. बधिर पायाची हाडं आणि सांधे आतून ढासळायला लागतात तेव्हा नेमकं असंच दिसतं. पाय काही मिनिटं उंच धरल्यावर लाली ओसरली तर शार्कोची शक्यता वाढते. सुरुवातीचा एक्स-रे स्वच्छ असू शकतो. निदान होईपर्यंत त्या पायावर चालणं बंद. अँटिबायोटिक देऊन वाट पाहिली तर मधल्या काळात पायाची कमान कोसळते आणि ती परत येत नाही.

जखम भरली. आता संपलं?

जखम पुन्हा होण्याचं प्रमाण फार मोठं आहे: वर्षभरात सुमारे ४० टक्के आणि तीन वर्षांत सुमारे ६० टक्के लोकांना पुन्हा जखम होते. भरलेल्या जागेखाली हाड तेच, दाब तोच आणि संवेदना गेलेलीच असते. दाब मोजून बनवलेले तळ असलेले बूट घरातही घालायचे, घट्टा वाढला की तासून घ्यायचा. इन्फ्रारेड थर्मामीटरने दोन्ही तळव्यांच्या त्याच जागा रोज मोजायच्या. फरक लागोपाठ दोन दिवस २.२ अंश सेल्सियसपेक्षा जास्त राहिला तर चालणं कमी करायचं आणि दाखवायला जायचं. कातडी फुटण्याआधी ती गरम होते, तेवढीच आगाऊ सूचना मिळते.

आणि फक्त पायाकडे पाहून भागत नाही. पायाला जखम झालेल्या मधुमेहींमध्ये पाच वर्षांतला मृत्युदर सुमारे ३० टक्के आढळला आहे आणि त्यात हृदयविकाराचा वाटा मोठा आहे. म्हणून त्याच भेटीत रक्तदाब, कोलेस्टेरॉलचं औषध आणि तंबाखू सोडणं यांबद्दल बोलणी व्हायला हवीत.

नव्या उपचाराची बातमी वाचली तर काय तपासायचं?

आधी परिणाम कसा मोजला ते पाहा. 'जखमेचं क्षेत्र ६० टक्क्यांनी घटलं' याला फारसा अर्थ नाही. जखम पूर्ण कातडीने झाकली, स्राव थांबला, ड्रेसिंग लागेना आणि दोन आठवड्यांनी पुन्हा पाहिलं तेव्हाही तशीच होती, याला भरणं म्हणतात. मग दोन्ही गटांत भार काढायची सोय सारखी होती का ते बघा. एका गटाला कास्ट आणि दुसऱ्याला साधी चप्पल दिली असेल तर औषधाचं श्रेय कास्टचं असू शकतं. जखम भरली की नाही हे ठरवणाऱ्याला कुठला उपचार दिलाय ते माहीत नसावं. शेवटी कोणाला वगळलं ते शोधा. डायलिसिसवरचे, रक्तपुरवठा फार कमी असलेले आणि हाडात संसर्ग असलेले रुग्ण बहुतेक चाचण्यांत घेतच नाहीत. पाय गमावण्याचा धोका सगळ्यात जास्त त्यांनाच असतो, आणि त्या बातमीतला आकडा त्यांना लागू होत नाही.